शाळिग्रामातलं चक्र कुठून आलं?

आज हप्ता, व्याज, लाभांश यांतलं काही नाही. आज एका दगडाविषयी बोलायचं आहे, आणि तो आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या देवघरात आहे. शाळिग्राम. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडे कुणाकडे बाळकृष्ण असतो, कुणाकडे हा काळा गुळगुळीत दगड असतो.

विषय निघाला तो यात्रांमुळे. पूर्वी आपल्याकडच्या बायका पंढरपूर, तुळजापूर करायच्या, फार तर काशीला जायच्या. आता वर्षभर पैसे बाजूला टाकून चौघी-पाचजणी मिळून नेपाळात मुक्तिनाथाला जातात. कॉलेजातल्या मुली हिमाचलात स्पितीला ट्रेकला जातात. आणि दोघीही येताना दगड घेऊन येतात. आजी त्याला शाळिग्राम म्हणते, नात त्याला अमोनाइट म्हणते. दोघींचंही बरोबर असू शकतं, पण प्रत्येक दगडाच्या बाबतीत नाही. कुणी तो नदीकाठी वाकून स्वतः उचललेला असतो, कुणी दुकानात दोन-तीन हजार रुपये मोजलेले असतात. महिन्याला शंभर-दोनशे टाकणाऱ्या बाईची ती वर्षाची बचत झाली. म्हणून खरा दगड कसा ओळखायचा, ते आज सावकाश बघू. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, बोटं आणि खिडकीजवळचा उजेड एवढं पुरतं.

आधी अमोनाइट म्हणजे काय ते. हा समुद्रात राहणारा एक प्राणी होता. कोकणातल्या मैत्रिणींना माकूळ माहीत आहे, तिचा आणि ऑक्टोपसचा हा फार जुना नातेवाईक. फरक एवढाच की याच्या अंगावर गोल गुंडाळलेलं कवच होतं. हंडा डोक्यावर घेताना आपण कापडाची चुंबळ करतो, तशी वेटोळी. कवचाच्या आत चाळीसारख्या खोल्या असायच्या. प्राणी वाढला की पुढे मोठी जागा तयार करायचा, मागे भिंत घालायचा आणि स्वतः नेहमी शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत राहायचा. मागच्या बंद खोल्यांतून एक बारीक नळी जायची. तिच्यातून आतलं पाणी काढून घेतलं की खोल्यांत वायू भरायचा आणि प्राणी पाण्यात तरंगायचा. काही अमोनाइट नखाएवढे होते. जर्मनीत १८९५ साली सापडलेला एक तर सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचा आहे, म्हणजे बैलगाडीच्या चाकाहूनही मोठा.

हे प्राणी कोट्यवधी वर्षं जगभरच्या समुद्रांत होते. डायनासोर संपले त्याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, तेही संपले. नाव मात्र देवावरून पडलं. इजिप्तच्या अमून देवाला मेंढ्याची शिंगं दाखवत, आणि हा दगड दिसतो अगदी मेंढ्याच्या शिंगासारखा. म्हणजे या दगडात देव बघणारे आपण एकटेच नाही.

आता समुद्रातला प्राणी हिमालयात कसा गेला? तो गेला नाही, समुद्राचा तळच वर आला. भारताचा भूभाग आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी एक समुद्र होता, त्याला टेथिस म्हणतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधला गाळ चुरगळला, घड्या पडून उचलला गेला, त्याचा हिमालय झाला. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा खडकसुद्धा समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे.

अमोनाइटसाठी महत्त्वाचा आहे तो एक काळा, पापुद्रे सुटणारा खडक. समुद्रतळाच्या चिखलाचा तो बनला. १८६०च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का नावाचा भूवैज्ञानिक स्पितीत पायी हिंडला आणि त्याने या खडकाला स्पिती शेल हे नाव दिलं. तसाच खडक पुढे नेपाळात मुक्तिनाथाच्या भागातही आहे. त्यात ठिकठिकाणी कडक गोळे असतात, लाडवाएवढे, काही नारळाएवढे. गोळा का बनतो ते ऐका. मेलेला अमोनाइट चिखलात पडला, कुजायला लागला, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या चिखलात क्षार साचले आणि तेवढाच भाग लवकर घट्ट झाला. वरून गाळाचं ओझं वाढलं तेव्हा गोळ्याबाहेर पडलेले शंख पापडासारखे चपटे झाले, आतले मात्र गोल राहिले. पुढे डोंगर उचलला गेला, नदीने तो कापला, मऊ खडक वाहून गेला आणि गोळे पात्रात आले. अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्या मधून वाहणारी काली गंडकी त्यांना घासून घासून गुळगुळीत करते. मुक्तिनाथाचं मंदिर पावणेचार हजार मीटरच्या आसपास आहे, त्याच्या खाली कागबेनीपाशी हे पात्र लागतं. यात्रेकरू तिथेच दगड शोधतात.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुराणकथेत म्हटलं आहे की वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाले आणि वज्रकीटक नावाचा किडा त्या शिळेत चक्रं कोरतो. म्हणजे ही चक्रं एका प्राण्यामुळे आली, एवढं ज्यांनी ही कथा रचली त्यांनाही दगड बघून जाणवलं होतं. प्राणी दगडात शिरला नाही, प्राण्याभोवती दगड झाला, एवढाच फरक. ‘हे सगळं समजल्यावर देवपण राहतं का?’ असं मला बैठकीत विचारलं गेलं. मला तर पंधरा कोटी वर्षांच्या आसपासची वस्तू आपल्या ताम्हनात आहे म्हटल्यावर हात जास्तच जोडावेसे वाटतात. पण ते ज्याचं त्याने ठरवावं. खोटा दगड विकणाऱ्याचं मात्र आपण ठरवू शकतो.

तर आता ओळख. गेल्या महिन्यात बैठकीला बायकांनी घरातले सहा दगड आणले होते. मी भूगर्भशास्त्र शिकलेली नाही, पण तालुक्याच्या कॉलेजात ते शिकवणाऱ्या सरांकडे मी आधी दोनदा जाऊन बसले होते, खरा नमुना हातात घेऊन पाहिला होता. त्यांनी सांगितलेल्या खुणा लावून आम्ही एकेक दगड बघितला.

पहिली खूण बोटाची. वेटोळ्याच्या मध्यावर बोट ठेवा आणि रेषेवरून फिरवत न्या. अमोनाइट असेल तर बोट फिरत फिरत बाहेरच्या कडेला येतं आणि प्रत्येक फेऱ्याला पट्टा रुंद होत जातो, कारण प्राणी वाढत गेलेला असतो. बोट फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागी आलं, तर ती नुसती एकात एक वर्तुळं आहेत. तो अमोनाइट नाही. ही एवढीशी गोष्ट करून बघितली की निम्मे दगड बाजूला पडतात. आमच्या सहांतला एक असाच पडला, आणि तो आपल्याच डोंगरातला होता.

दुसरी खूण, दगड दोन्ही बाजूंनी बघायचा. गोगलगाईचा शंख एका बाजूला टोकदार वर चढतो, जिन्यासारखा. अमोनाइट सहसा एकाच पातळीत गुंडाळलेला असतो, उजवी बाजू आणि डावी बाजू सारखीच. दोन्ही बाजूंना मध्ये बेंबीसारखा खोलगटपणा असतो. एका बाजूला टोक आलेलं असेल तर तो शंख खरा असेल, जुनाही असेल, पण अमोनाइट नाही.

तिसरी खूण फासळ्यांची, आणि माझ्या मते बाजारात ही सगळ्यात उपयोगाची. अमोनाइटच्या वेटोळ्यावर आडव्या वळ्या असतात, मेंढ्याच्या शिंगावर असतात तशा. त्या वेटोळ्याच्या दिशेने जात नाहीत, वेटोळ्याला आडव्या छेदतात. मधून निघून बाहेरच्या कडेला जाताना काही जातींत एका वळीच्या दोन होतात, झाडाच्या फांदीला फाटा फुटावा तसा. स्पिती शेलमध्ये ब्लॅनफोर्डिसेरस नावाची जात बरीच मिळते, तिच्या अंगावर अशा फाटे फुटलेल्या ठसठशीत वळ्या आहेत आणि पाठीवर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, दोन्ही बाजूंच्या वळ्यांमध्ये एक चर असते. शाळिग्रामात आपण चक्राच्या ‘आऱ्या’ म्हणतो त्या याच वळ्या. सगळ्याच अमोनाइटना इतक्या ठळक वळ्या नसतात, काही गुळगुळीतही असतात. पण वळ्या असतील तर त्या आतल्या बाजूला बारीक आणि बाहेर येता येता मोठ्या होत गेलेल्या हव्यात.

चौथी खूण सगळ्यात सुंदर आहे आणि सगळ्यात पक्की. कवच विरघळून जातं आणि खोल्यांत शिरलेला चिखल दगड होऊन उरतो, म्हणजे मोदकाची पारी निघून जावी आणि आतलं सारण तेवढं त्या आकारात राहावं. अशा दगडावर खोल्यांच्या भिंती जिथे कवचाला चिकटल्या होत्या त्याच्या रेषा दिसतात. त्या रेषा सरळ नसतात. कोथिंबिरीच्या पानाची कड कागदावर गिरवली तर कशी दिसेल, तशा नक्षीदार, वळणावळणाच्या असतात. अमोनाइटसारखाच दिसणारा नॉटिलस नावाचा एक प्राणी आहे, तो आजही समुद्रात जिवंत आहे. त्याच्या रेषा साध्या, हलक्या कमानीच्या असतात. त्यामुळे कोथिंबिरीची कड दिसली की अमोनाइट समजावा. दिसली नाही म्हणून लगेच टाकू नका, कारण कवच शाबूत असेल तर रेषा झाकलेल्या राहतात. दगड ओला करून तिरप्या उजेडात धरला तर रेषा चांगल्या उठतात.

त्याच खडकात बोटासारखे लांबट, एका टोकाला निमुळते दगडही मिळतात. ते बेलेम्नाइट, माकुळीच्याच कुळातल्या दुसऱ्या प्राण्याचे. ते जीवाश्म आहेत, पण शाळिग्राम नाहीत.

आता आपल्याच डोंगरातला दगड म्हणाले, त्याविषयी. सह्याद्रीच्या काळ्या कातळात अमोनाइट सापडणार नाही. आपला कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो समुद्रतळाचा गाळ नाही, आणि वितळलेल्या लाव्ह्यात शंख टिकत नाही. गंमत अशी की हा लाव्हा बाहेर पडत होता तो काळ आणि अमोनाइट संपले तो काळ एकच. नागपूरकडे लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म मिळतात, पण ते टोकदार शंख आहेत, वर सांगितलेल्या दुसऱ्या खुणेने लगेच वेगळे निघतात. किल्ल्यांवर फिरताना मुली आणखी दोन गोष्टींना फसतात. एक, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल कातळ. ऊन-पावसाने खडक तसा झिजतो. दुसरी, गारगोटी किंवा अकीक, ज्यात रंगीत वर्तुळं असतात. बोटाची खूण लावा, बोट जागच्या जागी परत येईल. हे दगड कमी प्रतीचे आहेत असं नाही, सिन्नरला तर गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालयच आहे. फक्त ते प्राण्याचे अवशेष नाहीत. अमोनाइट पाहायचेच असतील तर आपल्याला हिमालयापेक्षा जवळ म्हणजे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघचा चुनखडक आणि गुजरातेत कच्छ.

नकली दगडांचं बोलू. आमच्या सहांत दोन नकली निघाले आणि दोन्ही विकत घेतलेले होते. एक कोरलेला होता. कोरणाऱ्याला घाई असते, तो नुसती गोल फिरणारी चर पाडतो, आडव्या वळ्या पाडत बसत नाही. आणि पाडल्याच तर सगळ्या सारख्या अंतरावर, सारख्या खोलीच्या असतात. भिंगातून बघितलं तर चरीत हत्याराचे समांतर ओरखडे दिसतात. वरून काळा रंग किंवा तेल लावलेलं असतं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा, फडकं काळं होतं का बघा. घरी असाल तर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा बोळा मागच्या बाजूला एकदा फिरवून बघा. दुसरा दगड दगडच नव्हता, राळेसारख्या कृत्रिम पदार्थात साच्याने पाडलेला होता. तो आकाराच्या मानाने हलका लागतो, गालाला लावला तर दगडासारखा गार वाटत नाही, आणि कडेला साच्याची शिवण किंवा बुडबुड्यांची बारीक भोकं दिसतात.

दोन फाकांचा शाळिग्राम मिळाला तर तपासणं सोपं जातं. खऱ्या गोळ्याच्या दोन फाका म्हणजे मोदकाचा साचा आणि मोदक. एका फाकेत उठावदार शंख, दुसऱ्या फाकेत त्याचाच खोलगट ठसा. फाका एकमेकींवर ठेवल्या की बसल्या पाहिजेत, आणि एकीवर जिथे वळीला फाटा फुटला आहे तिथेच दुसरीवर फुटलेला दिसला पाहिजे. दोन्ही फाकांवर चक्र वर उठलेलंच असेल तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावं. न फोडलेला गोळा ‘आत नक्की चक्र आहे’ म्हणून विकत असतील तर तेही घेऊ नका, बऱ्याच गोळ्यांत काहीच निघत नाही. सोनेरी चमकेचं तसंच. विकणारा तिला सोनं म्हणतो आणि भाव चढवतो. ते सोनं नाही, लोखंड आणि गंधक यांचं खनिज आहे, कवचाच्या जागी नैसर्गिकपणे तयार झालेलं. चमक खरी असते, भाव खोटा असतो.

ही लबाडी आपल्याकडचीच नाही बरं का. इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं गाव आहे, तिथेही अमोनाइट मिळतात. सातव्या शतकात तिथल्या मठाची प्रमुख हिल्डा नावाची बाई होती. तिने गावातल्या सापांचे दगड केले अशी कथा. पण दगडांना डोकी नव्हती, मग विक्रेत्यांनी अमोनाइटवर सापाची डोकी कोरून ते विकायला सुरुवात केली. पुढे शास्त्रज्ञांनी एका जातीला हिल्डाचंच नाव दिलं, हिल्डोसेरस.

या सगळ्या तपासणीत एक अडचण आहे, ती दगडाची नाही. ओळखायचं तर तो हातात घ्यावा लागतो, उलटा करावा लागतो, बेंबीत बोट घालून बघावं लागतं. आणि कितीतरी घरांत बायकांनी शाळिग्रामाला हात लावायचा नाही असा दंडक होता, काही ठिकाणी अजून आहे. बैठकीत एक सून म्हणाली, ‘आई, तुम्हीच धरा ना, मी उजेड दाखवते.’ सासूबाई साठीच्या पुढच्या. म्हणाल्या, ‘अगं, चाळीस वर्षं याच्यासाठी गंध उगाळतेय, तुळस खुडतेय, पण याला हातात घेतलं नाही कधी.’ मग घेतला. खूप वेळ फिरवून बघत होत्या. मागच्या बाजूलाही चक्र आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तो अस्सल होता, सहांतल्या तीन अस्सलांपैकी सगळ्यात चांगला, कोथिंबिरीची कड स्पष्ट दिसणारा. दंडक कुणी केला, का केला, त्यात मी शिरत नाही. पण जी वस्तू आपण हातात घेऊन कधी बघितलीच नाही, तिच्या नावावर कुणीही आपल्याला काहीही विकू शकतं, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

डोंगरात जाणाऱ्या मुलींसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. स्पितीत सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या लांगझा गावाजवळ अमोनाइट सापडतात, तिथे ट्रेकचे गट जातात. खडकात पक्का बसलेला अमोनाइट खणून काढू नका. तो कोणत्या थरात आहे, यावरून त्या थराचं वय कळतं, कारण अमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या. थरातून निघाला की ती माहिती गेली, उरला एक शोभेचा दगड. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक लांबून, जागा वहीत लिहा. सुटा पडलेला दगड उचलायचा असला तरी आधी स्थानिक माणसाला आणि तिथल्या कार्यालयात विचारा. काली गंडकीचा वरचा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो आणि तो दुसरा देश आहे, तिथे तर आधी विचारूनच.

घरी आणलेल्या दगडाची निगा. सोनेरी चमकेचा असेल तर त्याला ओलावा सोसत नाही. लोखंड-गंधकाचं ते खनिज दमट हवेत हळूहळू गंजतं, पांढरी-पिवळी भुकटी सुटते आणि दगड भेगाळतो. अभिषेक करू नका असं मी म्हणणार नाही, पण नंतर मऊ कपड्याने नीट टिपा, फटीतलं पाणी निघेपर्यंत सावलीत ठेवा, मगच डब्यात ठेवा. पावसाळ्यात जास्त जपा. चिंच, लिंबू लावून उजळायला जाऊ नका, आंबटाने कवच खाल्लं जातं.

शंका राहिलीच तर भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कॉलेजात दाखवा. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास चालतो, नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. आणि दाखवायला नेताना दगडासोबत एक चिठ्ठी ठेवा, कुठून आणला, कधी आणला, नदीतून उचलला की विकत घेतला, आणि विकत घेतला असेल तर कितीला.